जाब विचारणारे एकोणीस जण



कॅलिफोर्निया राज्यात ५८ कौंटी आहेत. कौंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा. या प्रत्येक कौंटीत दरवर्षी सामान्य नागरिकांचे एक मंडळ न्यायालयापुढे शपथ घेते आणि पुढील बारा महिने तेथील सार्वजनिक कारभाराच्या चोपड्या उघडून पाहते. या मंडळास नागरी ग्रँड ज्यूरी म्हणतात. बहुतेक ठिकाणी तिचे सदस्य १९ असतात. लॉस एंजेलिससारख्या अवाढव्य कौंटीत २३ आणि अगदी लहान कौंटीत ११. कौंटीची खाती, नगरपालिका, शाळामंडळे, पाणीपुरवठ्यासाठी वा अग्निशमनासाठी स्थापलेली स्वतंत्र मंडळे या सर्वांचे हिशेब मागण्याचा आणि अधिकाऱ्यांना बोलावून त्यांचे जबाब घेण्याचा अधिकार तिला आहे. कौंटीतील तुरुंगांची स्थिती तर तिने पाहिलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. जे आमदार नाहीत, सनदी अधिकारी नाहीत, व्यवसायाने हिशेबतपासनीसही नाहीत अशा माणसांच्या हाती एवढा अधिकार असावा, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहण्यासारखी आहे. जाब विचारण्याचा हक्क कायद्याच्या पुस्तकात असणे वेगळे आणि तो कष्टकऱ्यांना वापरता येणे वेगळे. या दोहोंतील अंतर या संस्थेच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

ग्रँड ज्यूरीचे मूळ इंग्लंडातले. ११६६ साली दुसऱ्या हेन्री राजाने फर्मान काढले, की प्रत्येक भागातील जबाबदार माणसांनी तेथील गुन्हेगारांची नावे शपथेवर राजाच्या न्यायाधीशांना सांगावीत. म्हणजे आरंभी हे राजाच्या सोयीचे हत्यार होते. प्रजेची ढाल ते पुढे झाले. मुंबईलाही ही संस्था अगदीच अपरिचित नाही. कंपनी सरकारच्या काळात मुंबईच्या न्यायालयात ग्रँड ज्यूरी बसत असे. पण फौजदारी आरोप पुढे चालवावयाचे की नाही हे ठरविणे, हेच तिचे मुख्य काम होते. १८३२ च्या कायद्यापूर्वी हिंदी माणसाला तिच्यावर बसता येत नव्हते, आणि १८६५ साली ती प्रथाच बंद झाली. खुद्द इंग्लंडने १९३३ मध्ये ग्रँड ज्यूरीला निरोप दिला. कॅलिफोर्नियाने मात्र ती राखली, इतकेच नव्हे तर एकोणिसाव्या शतकातच स्थानिक सरकारचे हिशेब तपासण्याचे काम तिच्यावर सोपविले. दरवर्षी प्रत्येक कौंटीत किमान एक ग्रँड ज्यूरी बसलीच पाहिजे, हे तेथील राज्यघटनेतच लिहिलेले आहे.

या संस्थेच्या इतिहासातील एक प्रकरण कामगार चळवळीच्या जिव्हारी लागणारे आहे. म्हणूनच ते टाळून पुढे जाता येणार नाही. १९०१ साली सॅन फ्रान्सिस्कोत मालगाड्या हाकणारे आणि बंदरात काम करणारे मजूर संपावर गेले. संपफोड्यांच्या संरक्षणासाठी शहराचे पोलीस धावले. नगरपालिका मालकांच्या बाजूची असली म्हणजे काय होते, हा धडा घेऊन कामगारांनी युनियन लेबर पार्टी स्थापन केली आणि त्याच वर्षी वाद्यवादकांच्या संघटनेचे अध्यक्ष यूजीन श्मिट्झ यांना महापौर म्हणून निवडून आणले. १९०५ च्या निवडणुकीत तर नगरमंडळाच्या सर्व १८ जागा या पक्षाने जिंकल्या. कामगारांच्या पक्षाने एवढे मोठे शहर असे निर्विवादपणे ताब्यात घेतल्याची उदाहरणे त्या काळात फार नव्हती.

पण सत्तेची दोरी दुसऱ्याच्याच हाती होती. एब रूफ नावाचा एक हुशार वकील कोणत्याही पदावर नसताना सारे शहर चालवीत होता. एप्रिल १९०६ च्या भूकंपाने आणि आगीने शहर बेचिराख झाले. त्या राखेतच युनायटेड रेलरोड्स या ट्रामकंपनीला रस्त्यांवर वरून विजेच्या तारा टाकण्याची परवानगी मिळाली. त्यासाठी कंपनीकडून २ लाख डॉलर रूफच्या हाती पडले आणि त्यातील वाटे नगरमंडळाच्या सदस्यांपर्यंत पोहोचले. नोव्हेंबर १९०६ मध्ये बी. पी. ऑलिव्हर यांच्या प्रमुखत्वाखाली ग्रँड ज्यूरी बसली. मार्च १९०७ मध्ये, शिक्षेतून माफी मिळणार या अटीवर, नगरमंडळाच्या सदस्यांनी एकामागून एक कबुलीजबाब दिले. कामगारांच्या मतांवर निवडून आलेली ही माणसे. त्यांनी कामगारांचा विश्वास ट्रामकंपनीला विकला होता, हे शपथेवर नोंदले गेले.

ज्यांना ही गोष्ट येथेच संपवावीशी वाटते, त्यांनी पुढचे वर्षही पाहावे. या खटल्यांचा खर्च उचलणाऱ्यांत प्रमुख होते रूडॉल्फ स्प्रेकल्स, साखरसम्राट घराण्यातले धनिक. लाच खाणाऱ्या कामगार पुढाऱ्यांच्या मागे ज्यूरी लागली तोवर शहरातील प्रतिष्ठित मंडळी टाळ्या वाजवीत होती. तपास लाच देणाऱ्यांच्या दिवाणखान्यापर्यंत आला, तेव्हा त्यांच्या टाळ्या थांबल्या. मे १९०७ मध्ये ट्रामकामगारांनी संप केला. कंपनीचे अध्यक्ष पॅट्रिक कॅलहून यांच्यावर त्याच महिन्यात आरोप ठेवले गेले होते. पण बाहेरून माणसे आणून त्यांनी तो संप मोडला आणि व्यापारी वर्गाने त्यांना डोक्यावर घेतले. १९०९ साली त्यांच्या खटल्यात पंचांचे एकमत झाले नाही. पुढे आरोपच रद्द झाले. श्मिट्झ यांची शिक्षा वरच्या न्यायालयात टिकली नाही. १४ वर्षांची शिक्षा होऊन सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गेला तो एकटा रूफ, आणि तोही १९१५ मध्ये बाहेर आला.

यावरून ग्रँड ज्यूरी हे मालकवर्गाचे बाहुले होते, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो चुकीचा ठरेल. लाच खाल्ली गेली होती, हे खोटे नव्हते. युनियन लेबर पार्टीजवळ स्वतःच्या माणसांना विचारणारी कोणतीही यंत्रणा नव्हती, म्हणून विचारण्याचे काम इतरांनी केले, आणि ते त्यांच्या सोयीच्या ठिकाणी थांबले.

आता आजच्या कार्यपद्धतीकडे वळू. फौजदारी आरोपांचे काम अनेक कौंट्यांत स्वतंत्र ज्यूरीकडे दिले जाते. नागरी ग्रँड ज्यूरी ही प्रामुख्याने हिशेबाची आणि कारभाराची देखरेख करते. तिचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. कोणीही नागरिक तिच्याकडे तक्रार पाठवू शकतो. तिचे सारे काम गुप्त चालते. ज्यूरी बोलते ती फक्त अहवालातून. अहवालाची अंमलबजावणी करविण्याचा अधिकार तिला नाही. मात्र एक गोष्ट कायद्याने सक्तीची केली आहे, ती म्हणजे उत्तर. निवडून आलेल्या अधिकाऱ्याने ६० दिवसांत आणि मंडळाने ९० दिवसांत प्रत्येक निष्कर्षाला व प्रत्येक शिफारशीला लेखी उत्तर द्यावयाचे असते. निष्कर्ष मान्य आहे की नाही, नसेल तर का नाही. शिफारस अमलात आणली, अमुक काळात आणू, अधिक अभ्यास हवा, किंवा आणणार नाही आणि त्याची कारणे ही, यांखेरीज पाचवे उत्तर देता येत नाही. 'अधिक अभ्यासा'लाही सहा महिन्यांची मर्यादा आहे. 'प्रकरण विचाराधीन आहे' या एका वाक्यावर ज्या कचेऱ्यांनी पिढ्या काढल्या, त्यांना ही तरतूद जाचक वाटेल यात नवल नाही.

या तरतुदीतही भोके आहेत. ज्यूरीला कायद्याचा सल्ला देतो तो बहुधा कौंटीचाच वकील; आणि ज्या मंडळाचा कारभार तपासावयाचा, त्याचाही सल्लागार तोच. ज्यूरीचा खर्च निघतो तो कौंटीच्याच तिजोरीतून. शिवाय दरवर्षी नवी माणसे येतात. न्यायाधीशांना त्यांतील दहापर्यंत सदस्य दुसऱ्या वर्षासाठी ठेवून घेता येतात. तरी कारभाराची ओळख होईतो निम्मे वर्ष सरलेले असते.

बेल या गावाचे उदाहरण घ्या. लॉस एंजेलिस कौंटीतले, अडीच चौरस मैलांचे, पस्तीस हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव. वस्ती बहुतेक लॅटिनो वंशाच्या मजुरांची, त्यांत कित्येक मताचा अधिकार नसलेले स्थलांतरित. २०१० च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस टाइम्स या वृत्तपत्राने उघड केले, की या गावाचे नगर व्यवस्थापक रॉबर्ट रिझो यांचे वार्षिक वेतन ७ लाख ८७ हजार डॉलर आहे. त्या वेळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे वेतन होते ४ लाख. अर्धवेळ काम करणारे नगरसेवक वर्षाला सुमारे १ लाख डॉलर घेत होते. हे शक्य झाले ते २००५ च्या एका विशेष निवडणुकीमुळे. राज्याच्या कायद्यातील वेतनमर्यादा टाळता यावी असा दर्जा त्या निवडणुकीने गावाला मिळाला, आणि तीत ४०० मतेही पडली नव्हती. मार्च २०११ मध्ये संतप्त मतदारांनी नगरसेवकांना परत बोलाविले. २०१४ साली रिझोला १२ वर्षांची शिक्षा झाली.

या पाच वर्षांत कौंटीची ग्रँड ज्यूरी दरवर्षी बसतच होती. पण त्या एका कौंटीत ८८ नगरपालिका आहेत आणि लोकसंख्या १ कोटीच्या घरात आहे. तेवीस माणसांनी एका वर्षात कोठे कोठे पाहावे? ज्या गावात वकील राहतात, निवृत्त प्राध्यापक राहतात, तेथून तक्रारी जातात. दोन पाळ्यांत राबणाऱ्या आणि परकी भाषेत अर्ज लिहावा लागणाऱ्या माणसाची तक्रार न्यायालयाच्या इमारतीपर्यंत पोहोचत नाही. बेलमध्ये पट्ट्या भरणारे होते, पण विचारणारे कोणी उरले नव्हते.

शाळांच्या पैशाची कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे पुष्कळदा चोरी नसतेच. १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ता कर जखडून टाकल्यापासून शाळामंडळांना बांधकामासाठी कर्जरोख्यांचाच आधार उरला. २००० सालच्या ३९ व्या प्रस्तावाने असे रोखे ५५ टक्के मतांनी मंजूर होऊ लागले. बदल्यात नागरिकांची देखरेख समिती आणि दरवर्षी लेखातपासणी बंधनकारक झाली. सॅन डिएगो कौंटीतील पोवे शाळामंडळाने २०११ मध्ये १० कोटी ५० लाख डॉलर उभे केले. कर वाढविणार नाही असे मतदारांना सांगितलेले होते, म्हणून वीस वर्षे काहीच फेडावयाचे नाही आणि त्यापुढे २०५१ पर्यंत फेडीत राहावयाचे, अशी योजना झाली. एकूण परतफेड सुमारे ९८ कोटी डॉलर. यात एकही कागद बेकायदेशीर नव्हता. पहिलीत बसलेल्या मुलाने आपल्या शाळेचे कर्ज प्रौढपणी फेडावे, असा हा व्यवहार. आणि रोखे विकून देणाऱ्यांनी आपला मेहनताना आधीच घेतलेला. २०१३ साली राज्याने कायदा करून अशा रोख्यांची परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर जाऊ नये असे ठरविले. पण तो नियम पुढच्या कर्जांसाठी. पोवेचे कर्ज पोवेच्याच माथी राहिले.

ऑरेंज कौंटीत ६ डिसेंबर १९९४ रोजी जे घडले ते याच जातीचे. खजिनदार रॉबर्ट सिट्रन यांनी कौंटीच्या, नगरपालिकांच्या आणि शाळांच्या ठेवींवर कर्ज काढून व्याजदरांच्या जुगारात पैसा लावला. १६० कोटी डॉलरांहून अधिक बुडाले आणि अमेरिकेतील एका श्रीमंत कौंटीने दिवाळे जाहीर केले. अधिक व्याजाच्या मोहाने काही शाळामंडळांनी मुद्दाम कर्ज काढून तेथे पैसे ठेवले होते. ग्रँड ज्यूरीपुढे चौकशी चालली. मेरिल लिंच या दलालपेढीने १९९७ मध्ये ३ कोटी डॉलर देऊन आपल्यावरील फौजदारी चौकशी मिटविली. विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढविण्यास मतदारांनी जून १९९५ मध्येच नकार दिला होता. कात्री चालली ती गरिबांच्या सेवांवर.

अशा व्यवहारांवर प्रश्न विचारावयाचे तर विचारणाऱ्याजवळ वेळ हवा, आणि वेळ फुकट मिळत नाही. ज्यूरीवर बसण्यासाठी कायदा फार काही मागत नाही: नागरिकत्व, अठरा वर्षे वय, कौंटीत एक वर्षाचे वास्तव्य, साधारण बुद्धी, बरे चारित्र्य, पुरेसे इंग्रजी. प्रत्यक्षात मात्र आठवड्यातले कित्येक दिवस, तेही दिवसाढवळ्या, वर्षभर द्यावे लागतात. आणि कायद्यात दीर्घकाळ जो भत्ता लिहिला गेला, तो दिवसाला १५ डॉलरचा. काही कौंट्या त्यात थोडी भर घालतात. एवढ्यावर गोदीतला मजूर, रुग्णालयातली परिचारिका किंवा दोन मुलांची आई वर्षभर कशी बसणार? म्हणून या खुर्च्यांवर बहुतांशी निवृत्त आणि सुस्थितीतील माणसे दिसतात. त्यांतील अनेकजण कष्टाळू आणि निःस्पृह असतात, त्यांची निंदा करण्याचे कारण नाही. पण बसभाडे वाढले म्हणजे काय होते, शाळेतले जेवण बंद झाले म्हणजे काय होते, हे त्यांना अहवालातून कळते.

आणखी एक अडचण तारखांचीच आहे. अहवाल बहुधा वर्षाच्या शेवटी, जूनमध्ये बाहेर पडतो. शाळामंडळाचे उत्तर येते सप्टेंबरात. तोवर ज्यांनी प्रश्न विचारले ते एकोणीस जण घरी गेलेले असतात, आणि गुप्ततेच्या शपथेने त्यांची तोंडे बंद असतात. नव्या ज्यूरीने जुन्या अहवालाचा पाठपुरावा केलाच पाहिजे, असे बंधन नाही. उत्तरे न्यायाधीशांकडे जातात, तेथून दप्तरी दाखल होतात. ती कोणालाही पाहता येतात. शिक्षकांच्या संघटनेचा, सफाई कामगारांच्या युनियनचा एखादा कार्यकर्ता ऑक्टोबरच्या आरंभी तेथे जाऊन 'सहा महिन्यांत अभ्यास करू' असे लिहिलेल्या ओळीखाली तारीख टाकून ठेवतो आणि पुढच्या एप्रिलात शाळामंडळाच्या सभेत उभा राहून ती वाचून दाखवितो, तेव्हा त्या मंडळाला दुसऱ्यांदा उत्तर द्यावे लागते.