माळ, दुआ आणि निळा दिवा

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. बिघाड नेमका कुठे झाला ते शोधणं हे माझं रोजचं काम. कावीळही मला तशीच दिसते. ती स्वतः आजार नाही, आत काहीतरी बिघडल्याची खूण आहे.

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्या मोडल्या की पिवळं बिलिरुबिन तयार होतं आणि यकृत ते पित्तातून बाहेर काढतं. पेशी फार मोडल्या, यकृत सुजलं किंवा पित्तनळीत खडा अडकला, तिन्ही वेळा डोळे पिवळेच दिसतात. इलाज मात्र वेगवेगळे. मग एकच माळ तिन्हींवर कशी चालेल?

माळ लांब होते, तशी कावीळ उतरते म्हणतात. ती ओल्या काड्यांची असते. काड्या सुकून आकसतात, गाठी सैल होतात, माळ वाढते. खिळ्याला टांगली तरी वाढेल! दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. मेहनत यकृताची, नाव माळेचं.

पण गरोदर बाईसाठी हिपॅटायटिस ई जीवघेणा ठरू शकतो, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. त्या साथीतही गरोदर बायकांना धोका सगळ्यांत जास्त होता. तिथे माळेत आठवडा घालवणं परवडत नाही.

नवजात बाळाचा हिशोब तर तासांचा असतो. त्याच्या पेशी लवकर मोडतात, यकृत अजून कच्चं असतं. म्हणून निम्म्याहून जास्त बाळं थोडी पिवळी पडतात आणि बहुतेक बरी होतात. पण बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं. मग बहिरेपणा, हातापायांचं अपंगत्व, आणि ते परत फिरत नाही.

उन्हाचं म्हणाल, तर ती गोष्ट अगदीच खोटी नाही. 1956 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत. ऊन लागलेली कातडी कमी पिवळी दिसते, हे त्यांनी पाहिलं. त्यातूनच दिव्याचा उपचार आला. निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो, मग ते सहज बाहेर पडतं. दिव्याचा प्रकाश मोजता येतो, बाळाचं रक्त तपासत राहता येतं. खिडकीतल्या कोवळ्या उन्हाचं तसं नाही.

आपल्याकडे चाळीस दिवस बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत असतात. पिवळेपणा दिसणार कसा? बाळाला उजेडात आणा, कपाळावर बोट दाबून सोडा, डोळे आणि हिरड्या बघा. पहिल्या 24 तासांत पिवळेपणा आला, तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडलं किंवा दूध ओढेना, तर लगेच इस्पितळ गाठा. दादी-नानी म्हणतील, आधी दम करून आणू. दुआ जरूर करा, रिक्षात बसूनही करता येते.

ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांनी आता आधी प्रश्न विचारा.