देवळाच्या आवारातील झाडे : माती आणि रोपे

(जीर्णोद्धार समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या देवळाचा जीर्णोद्धार हाती घेतला की गवंड्याला शिखरावर सर्वांत आधी काय सापडत असेल, तर पिंपळाचे रोप. पाखराने कुठल्याशा पिंपळाचे फळ खाल्ले, शिखरावर येऊन बसले आणि विष्ठेतून मोहरीपेक्षाही बारीक बी चुन्याच्या सांध्यात पडले. त्या बियाण्यासाठी कोणी माती निवडली नाही, खत टाकले नाही, पाणी घातले नाही. तरी ते रुजले, त्याची मुळी विटांमधून उतरली आणि दहा-वीस वर्षांत तिने शिखर फोडले.

उलट त्याच देवळाच्या आवारात काय दिसते? पाहुण्यांच्या हस्ते, नारळ फोडून, टाळ्यांच्या गजरात लावलेली रोपे पुढच्या मे महिन्यापर्यंत वाळून गेलेली असतात. लोखंडी कठडा मात्र शाबूत उभा असतो, आणि त्यावर देणगीदाराचे नावही.

याचे कारण दैवाकडे शोधण्याची गरज नाही. पाखरे वर्षानुवर्षे बिया टाकीत असतात, त्यांतील एखादीच ओलावा राहणाऱ्या भेगेत पडते आणि बाकीच्या सर्व मरतात. निसर्गाला हा खर्च परवडतो. गावाला परवडत नाही. गाव दहा रोपे लावते आणि दहाही जगावीत अशी त्याची इच्छा असते. म्हणून जे काम निसर्ग संख्येच्या बळावर करतो ते माणसाला मातीच्या निवडीने आणि निगेने करावे लागते.

आता उमरेडच्या मातीकडे पाहू. नागपूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला काळ्या पाषाणाचा थर आहे आणि पूर्वेला, भंडाऱ्याच्या बाजूला, फार जुना स्फटिकी खडक. उमरेड या दोहोंच्या सीमेजवळचा मुलूख. म्हणून एकाच तालुक्यात कुठे कापसाची भारी काळी, कुठे मोरंड, कुठे हलकी खरडी आणि टेकडीच्या उतारावर मुरमाची बरडी, असे सर्व प्रकार भेटतात. धानाच्या बांध्या आणि कापसाची वावरे शेजारी-शेजारी दिसतात ती यामुळेच. जुन्या शेतकऱ्याला कुठे काय पेरावे हे ठाऊक असते. पण झाड लावताना तोच शेतकरी सर्व माती सारखी समजतो, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

काळी माती सुपीक खरी, पण रोपाच्या पिशवीत ती शत्रू ठरते. पाणी पडले की फुगते, चिकट होते, तिच्यातील हवा निघून जाते आणि कोवळी मुळी गुदमरते. पाणी आटले की आकसते, पिशवीपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. माळी म्हणतो, रोज पाणी घातले तरी रोप वाळले. त्याचे म्हणणे खोटे नसते.

माती ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत जाणे चांगलेच, पण घरीही पुष्कळ कळते. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्यावी, बाकी पाणी भरून खूप हलवावे आणि ठेवून द्यावे. रेती मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत बसतो, चिकण माती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. किंवा ओली माती तळहातावर वळून पाहावी. तिची शेवयासारखी बारीक, न तुटणारी वळी झाली तर ती भारी. वळी मुळीच होत नसेल तर रेताड. थोडी वळून तुटणारी माती रोपांना मानवते.

पिशवीसाठी साधे प्रमाण असे की दोन घमेली खरडी माती, एक घमेले रेती आणि एक घमेले शेणखत. जवळ काळीच माती असेल तर तिन्ही समभाग घ्यावेत. तलावातला गाळ उत्तम असतो, आणि पूर्व विदर्भात मालगुजारी तलावांची कमतरता नाही. २०१७ पासून शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे गाळ वावरात नेण्याची सवयही पुष्कळ गावांना लागली आहे. परंतु गाळ अतिशय बारीक कणांचा असतो. त्यातही रेती घालावीच लागते, नाही तर वाळल्यावर त्याची वीट होते.

शेणखत मात्र पूर्ण कुजलेले हवे. हातात घेतले असता त्याला शेणाचा वास येता कामा नये, आत ऊब लागता कामा नये आणि कुटार की तणस हे ओळखू येता कामा नये. कच्च्या खताच्या उष्णतेने मुळी जळते, शिवाय त्यातून हुमणी येते आणि उधळीला निमंत्रण मिळते. मिश्रणात थोडी निंबोळी पेंड टाकली तर हा त्रास कमी होतो. तयार मिश्रण किंचित ओले करून एप्रिल-मेच्या उन्हात चार-सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिकखाली पसरून ठेवावे. तणाचे बी आणि बुरशी बऱ्याच अंशी मरून जाते. विदर्भाच्या उन्हाला सगळे शिव्या देतात. त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

जीर्णोद्धाराच्या वेळी एक संकट नव्याने उभे राहते, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नसते. जुन्या भिंतींचा चुना, नव्या कामाचे सिमेंट, फरशीचा चुरा, विटांचे तुकडे हे सर्व आवारात पसरते. काम संपले की वरून टिप्परभर मुरूम टाकून सपाटी करतात आणि त्यातच खड्डे घेऊन झाडे लावतात. काळ्या मातीत मुळातच चुनखडीचे खडे असतात. त्यात ही भर पडली की माती अधिक अल्कधर्मी होते. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक समजतात, खत कमी पडले, आणि युरिया टाकतात. युरियाने हा रोग जात नाही. मलबा खणून बाहेर काढणे हाच खरा उपाय. रंगकामाच्या आधी जसे भिंतीचे पोपडे खरवडतात, तसेच हेही काम समजून अंदाजपत्रकात त्याचा खर्च धरला पाहिजे.

माती नासली म्हणजे काय होते हे पाहण्यासाठी उमरेडकरांना दूर जावे लागत नाही. कोळशाच्या उघड्या खाणीत वरची माती आणि खालचा दगड यांची उलथापालथ होते. ढिगाऱ्यात सेंद्रिय अंश नसतो, मुळांना साथ देणारे जिवाणू नसतात, आणि पाऊस पडला की ढिगाराच वाहू लागतो. अशा जमिनीवर झाड उभे करणे अशक्य मात्र नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर ते करून दाखविले. साखर कारखान्याचे प्रेसमड खड्ड्यांत भरून, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांवर वाढणारी उपयुक्त बुरशी रोपांना देऊन त्यांनी तेथे झाडे वाढविली. म्हणजे दगडालाही आधी माती करून घ्यावी लागली. देवळाच्या आवारात एवढा खटाटोप नको. जुन्या आंब्याखालची किंवा करंजाखालची दोन घमेली माती मिश्रणात टाकली, तरी ते जिवाणू आणि ती बुरशी आपोआप येतात.

आता बियाण्याविषयी. झाडांची बिये दोन स्वभावांची असतात. काही थांबायला तयार नसतात, काही उठायला तयार नसतात. कडूनिंब आणि मोह पहिल्या जातीचे. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी पिकून पडतात. गर धुऊन, सावलीत सुकवून पंधरवड्याच्या आत पेरल्या तर भरघोस उगवतात. डब्यात भरून दिवाळीपर्यंत ठेवल्या तर बहुतेक मेलेल्या निघतात. मोहाची टोळीही तशीच. तिची सोटमुळी फार लवकर खोल जाते, म्हणून ती वाफ्यात न टाकता उंच पिशवीतच टोचावी. पळसाच्या शेंगेत एकच चपटे बी असते. ते ताजे असताना कोणत्याही संस्काराविना उगवते. बेलाचे बी गरातून स्वच्छ धुऊन काढून त्याच हंगामात पेरावे.

दुसऱ्या जातीचा म्होरक्या म्हणजे साग. इंग्रजी अमदानीत केरळातील निलंबूर येथे कॉनोली नावाच्या कलेक्टराने १८४० नंतरच्या काही वर्षांत सागाची लागवड सुरू केली, तेव्हा आरंभी बी उगवेचना. पुढे चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याच्या चिकाटीने ती लागवड यशस्वी झाली. सागाचे कवच कठीण असते. रात्रभर पाण्यात आणि दिवसभर उन्हात, असे एक-दोन आठवडे केल्यावर ते ढिले पडते. विदर्भात पुष्कळ ठिकाणी वर्षभर वाढलेल्या रोपाची शेंडी आणि उपमुळे छाटून ‘सागजडी’ लावतात, तीही चांगली रीत आहे. आवळ्याची आठोळी उन्हात वाळवली की आपणच तडकते आणि आतून सहा बिया निघतात. बाभळीच्या बाबतीत शेळीच माणसाचे काम करते. तिच्या पोटातून आलेले बी वाड्यातून वेचून पेरले तर लवकर उगवते. शेळी झाडाची वैरीण म्हणून प्रसिद्ध आहे, तेव्हा तिच्या जमेला एवढे तरी मांडायला हरकत नाही.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर पेरावे, त्याहून खोल नको. उगवल्यावर सर्वांत जास्त रोपे मरतात ती तहानेने नव्हे, तर पाण्याने. संध्याकाळी भरपूर पाणी घातले, रात्रभर माती चिंब राहिली, की बुरशीने रोप मातीलगत मऊ पडून सकाळी कोलमडलेले दिसते. पाणी सकाळी घालावे आणि वरची माती कोरडी दिसल्यावरच पुन्हा घालावे. दर महिन्याला पिशव्या उचलून जागा बदलाव्यात, नाही तर मुळी पिशवीतून जमिनीत शिरते आणि लावणीच्या दिवशी तुटते. लावण्याआधी तीन-चार आठवडे सावली हळूहळू काढावी, पाणीही कमी करावे. लाडात वाढलेले रोप उमरेडच्या उन्हाशी एकदम सामना करू शकत नाही.

खड्डे उन्हाळ्यातच, दीड ते दोन फूट घेऊन तापू द्यावेत. येथे एका प्रचलित समजुतीला विरोध करणे भाग आहे. काळ्या जमिनीत खड्डा खणून सगळी काळी माती फेकून देतात आणि त्यात रेती, मुरूम, खत यांचे हलके मिश्रण भरतात. दिसायला हे उत्तम. परंतु भोवतालची काळी माती पाणी मुरू देत नाही, खड्ड्याचे टाके होते, आणि ऑगस्टच्या झडीत रोप त्यात बुडून मरते. मुळीही त्या मऊ खड्ड्यातच घुटमळते, बाहेरच्या कठीण मातीत शिरत नाही. त्यापेक्षा निघालेलीच माती निम्म्याहून जास्त वापरावी, तीत खत मिसळावे, आणि भारी जमिनीत रोप वीतभर उंचवट्यावर लावावे. पाणी साचणारी जागा असेल तर तेथे कडूनिंब किंवा साग न लावता अर्जुन लावावा. नाल्याकाठचे झाड ते, त्याला ओल चालते.

पहिल्या सरीला घाई करू नये. हातभर खोल ओल गेली की लावावे. पिशवी फाडून काढावी; तळाशी मुळ्यांचे वेटोळे झाले असेल तर ते धारदार चाकूने कापावे. तसेच ठेवले तर दहा वर्षांनी तेच वेटोळे झाडाचा गळा आवळते. बुंध्याभोवती तणसाचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला चिकटू देऊ नये, उधळी चढते. जानेवारीनंतर काळी माती भेगाळू लागते आणि भेगा मुळ्या तोडतात. वरचा थर खुरप्याने भुसभुशीत ठेवला की भेगा मोठ्या होत नाहीत. रोपापासून हातभर अंतरावर तळाला बारीक छिद्र पाडलेले मडके पुरून आठवड्यातून दोनदा भरले तर रोज वरून शिंपडण्यापेक्षा अधिक काम होते. बोरीच्या काट्यांचे कुंपण विसरू नये.

शिखरातून काढलेला पिंपळ वाया घालवायचे कारण नाही. मुळी जितकी निघेल तितकी घेऊन पावसाळ्यात तो पिशवीत लावला तर बहुधा जगतो, चुन्याची त्याला सवयच असते. मात्र आवारात लावताना भिंतीपासून चांगले तीस-चाळीस फूट दूर लावावा. वड आणि उंबरालाही हेच लागू.

आणखी एक गोष्ट राहिली. या भागातील जंगलाचा, उमरेड-कऱ्हांडल्याचे वन घ्या, कोरड्या पानगळीचा धर्म आहे. तेथे बीजा, ऐन, तेंदू यांची कोवळी रोपे उन्हाळ्यात जमिनीवर वाळून जातात आणि पावसात मुळापासून पुन्हा फुटतात. असे कित्येक वर्षे चालते. प्रत्येक वेळी मूळ जाड होत जाते आणि मग एके वर्षी शेंडा टिकतो. आवारातील रोपही मेमध्ये काडीसारखे दिसू लागले म्हणजे मेलेच असे नव्हे. बुंध्याजवळ नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे आणि ओलसर दिसले तर पाणी चालू ठेवावे. हिरवे दिसले नाही तरी ते उपटून त्या जागी नवे लावण्याची घाई न करता ऑगस्ट उजाडेपर्यंत खड्डा तसाच राखावा.