कात्रणावर तारीख लिहा

(उस्मानपुऱ्यातील तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषण करणारा माणूस नाही. शिक्षण अभियांत्रिकीचं, नोकरी सॉफ्टवेअरची. त्यामुळे मोहल्ल्यात कुणाचा फोन बिघडला की तो माझ्याकडे येतो. मागच्या वर्षी मात्र वेगळंच काम आलं. आमच्या उस्तादांचे चार-पाच जुने शागिर्द घरी आले आणि म्हणाले, "तू कम्प्युटरवाला है ना, उस्ताद का विकिपीडिया बना दे."

उस्तादांचं नाव मी इथे घेत नाही, त्यांना ते आवडणार नाही. तरी तुमच्यातले निम्मे त्यांना ओळखतात. तरुणपणी जिल्ह्याकडून फुटबॉल खेळले, नंतर तीस वर्षं आमखास मैदानावर पोरांना शिकवलं, एक रुपया न घेता. मीही त्या पोरांतलाच. म्हटलं, यांच्यावर लेख नसेल तर मग कुणावर असावा?

लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडकलो. विकिपीडियावर माझी आठवण चालत नाही, आधार लागतो. तिथला निकष उल्लेखनीयतेचा आहे. म्हणजे त्या माणसाशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या वर्तमानपत्रांनी किंवा पुस्तकांनी त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं असावं. सामन्याच्या निकालात नुसतं नाव आलं, तेवढं पुरत नाही.

उस्तादांच्या घरी गेलो. चाचींनी पत्र्याची पेटी काढली. त्यात ढाली होत्या, संघांचे फोटो होते आणि दोन कात्रणं. एकात फोटोसह चांगला अर्धा रकाना मजकूर. पण कापणाऱ्याने इतकं कडेकडेने, नीटस कापलं होतं की पेपरचं नाव आणि तारीख दोन्ही बाहेर राहिली होती. मी विचारलं, हे कधीचं? उस्ताद म्हणाले, "तेव्हा तारीख सगळ्यांना माहीत होती."

मला राग आला, विकिपीडियाचाच. मग आपल्याच शहरात जन्मलेल्या दुसऱ्या एका खेळाडूचा लेख उघडला. इक्बाल सिद्दीकी, मध्यमगती गोलंदाज. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी खेळले. दुसऱ्या डावात भारताला जिंकायला ५ धावा हव्या होत्या. सलामीला त्यांना पाठवलं आणि त्या पाचही धावा त्यांनीच काढल्या. प्रथम श्रेणीत त्यांच्या नावावर तीनशेहून जास्त बळी आहेत. लेख असायलाच हवा.

पण तेव्हाचा नियम तीनशे बळी मोजत नव्हता. वरच्या पातळीवर एक सामना खेळला की खेळाडू लेखाला पात्र धरला जाई. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात एखादाच प्रथम श्रेणी सामना खेळलेल्या इंग्लिश क्रिकेटपटूंवरही दोन-दोन ओळींचे लेख झाले. २०२२ मध्ये लांबलचक चर्चेनंतर इंग्रजी विकिपीडियाने ही सवलत काढली. आता खेळाडूच्या लेखाला निदान एक तरी सविस्तर आधार लागतो. सिद्दीकींबद्दल वर्तमानपत्रांनी लिहिलंय, त्यामुळे त्यांना अडचण नाही.

माझा राग इथे उतरला. तो इंग्लिश क्रिकेटपटू आमच्या उस्तादांपेक्षा मोठा होता म्हणून तिथे पोचला नव्हता. त्याच्या सामन्याची वही कुणीतरी जपली होती, एवढंच.

हे फक्त गरिबांच्या मोहल्ल्यात घडतं असंही नाही. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये आधार अपुरे म्हणून नाकारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या पाच महिन्यांत त्यांचं संशोधन मोठं झालं नाही. जग त्यांच्याबद्दल लिहू लागलं.

म्हणून शागिर्दांना मी स्पष्ट सांगितलं: आज उस्तादांवर लेख होऊ शकत नाही. हा उस्तादांवरचा निकाल नाही. विकिपीडिया काही पुरस्कार देत नाही, दुसऱ्यांनी आधी लिहिलेलं ते एकत्र करतं. एकजण चिडून म्हणाला, "आपल्यावर लिहिणार कोण? पेपरवाले मोहल्ल्यात भांडण झालं की येतात, मॅच झाली की नाही." तक्रार खरी आहे. पण जे छापून आलं, त्याची तारीख कापून टाकणारे आपणच होतो.

तेव्हा चार कामं सांगतो. पहिलं, कात्रणाच्या मागे पेपरचं नाव, तारीख, पान लिहा. दुसरं, ग्रंथालयांतल्या जुन्या फायली बघा. अनंत भालेरावांचा 'मराठवाडा' आता बंद आहे, पण त्यात छापलेलं आजही आधार म्हणून चालतं. उर्दू पेपरही चालतो. आधार इंग्रजीच हवा किंवा इंटरनेटवरच हवा, अशी अट नाही. तिसरं, नावांकडे लक्ष द्या. सिद्दीकी, सिद्दिकी, सिद्दिक्की अशी एकाच माणसाची तीन नावं छापली गेली की शोधणाऱ्या यंत्राला ते तीन माणसं वाटतात. सगळी रूपं नोंदवून ठेवा. चौथं, लेख स्वतः लिहायची घाई करू नका. मी शागिर्द आहे, मी लिहिलं तर तो हितसंबंध उघड करावाच लागेल. त्यापेक्षा पत्रकारांना, इतिहासाच्या विद्यार्थ्यांना उस्तादांकडे घेऊन जा. माणूस बोलतोय तोवर त्याला बोलू द्या.

सध्या रविवारी सकाळी मी आणि दोन पोरं ग्रंथालयात फायली चाळतो. गेल्या महिन्यात त्या अर्ध्या रकान्याचं मूळ पान सापडलं. नाव, तारीख, सगळं. एका आधाराने लेख उभा राहत नाही, पण सुरुवात झाली. फोटो काढून उस्तादांना दाखवायला धावत गेलो. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "गोल माझा नव्हता, आमच्या लेफ्ट आउटचा होता. त्याचं नाव दिसत नाही."

खरंच नव्हतं. आम्ही ते त्यांच्याकडून विचारून वहीत लिहून घेतलं, खाली त्या दिवसाची तारीख टाकली.