वेळेचा रकाना

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं, त्यामागे गणितापासून सुटका व्हावी हाही एक हेतू होता. पण एप्रिल २०२१मध्ये गणितानं मला गाठलंच. ती गोष्ट आज सांगतो.

त्या वर्षी १३ एप्रिलला पाडवा होता. १४ तारखेला आंबेडकर जयंती आणि त्याच दिवशी पहिला रोजा. एरवी अशा आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी रस्ते ओस होते, गर्दी होती ती दवाखान्यांत. १८ एप्रिलला महाराष्ट्रात एका दिवसात कोरोनाचे ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या खाटा त्याआधीच भरल्या होत्या.

शाळेच्या एका खोलीत आम्ही काहीजण बसू लागलो. एक निवृत्त बँक कारकून, एक औषध दुकानदार, दोन शिक्षिका, एक आशाताई, एक जीपवाला आणि मी. दोन मोबाइल आणि एक रजिस्टर. कुणाला खाट हवी, कुणाला सिलिंडर, कुणाला जेवणाचा डबा. पहिले चार दिवस नुसती धावपळ. एका रुग्णाचे पाच नातलग आमच्यातल्या पाचजणांना सांगत आणि आम्ही पाचहीजण एकाच दवाखान्याला फोन लावत असू. तिथला फोन सतत गुंतलेला. तो गुंतवणारे आम्हीच आहोत, हे कळायला वेळ लागला.

पाचव्या दिवशी दुपारी दीड वाजता एका मुलाचा फोन आला. आईचं ऑक्सिजनचं प्रमाण ८४वर आलं होतं. उसना सिलिंडर लावून त्यांना गाडीत झोपवलेलं. माझ्यासमोर सकाळी दहाची नोंद होती : जिल्ह्याच्या गावी, चाळीस किलोमीटरवर, ऑक्सिजनच्या दोन खाटा शिल्लक. मी पुन्हा विचारायला फोन लावला, तो लागला नाही. मुलगा म्हणाला, “काका, खाट नक्की आहे ना?” मी म्हणालो, “आहे, निघा.”

ते अडीच वाजता पोचले. दोन्ही खाटा अकरालाच भरल्या होत्या. तासभर फाटकाशी थांबून ते परत फिरले. छोट्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर तो अडीच तास पुरतो. दीडला निघालेल्या माणसाचा ऑक्सिजन चारला संपणार, हे चौथीतल्या मुलालाही सांगता आलं असतं. मी ते गणित केलंच नव्हतं. चार वाजता ते वाटेत होते. जीपवाल्यानं दुसरा सिलिंडर घेऊन त्यांना गाठलं, पण पहाटे त्या माउली गेल्या. त्या वाचल्या असत्या का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पण त्यांचे अखेरचे काही तास माझ्या एका शब्दामुळे रस्त्यावर गेले, हे मात्र खरं.

त्या रात्री कारकूनसाहेबांनी रजिस्टरमध्ये पट्टीनं एक नवा रकाना आखला. वर लिहिलं : ‘वेळ’. मला एका शब्दानंही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून काही नियम ठरले. एका दवाखान्याला आमच्यातल्या एकानंच फोन करायचा, तोही तासातासाला. तासापूर्वीची नोंद खोडायची. खाट सांगण्याआधी सिलिंडर किती भरला आहे आणि मिनिटाला किती लिटर लागतो, ते विचारायचं. आधी कुणाला पाठवायचं, हे डॉक्टर ठरवतील. नात्यागोत्यावरून आम्ही नाही. आणि खाट नसेल तर ‘नाही’ म्हणायचं. ‘बघतो’, ‘होईल काहीतरी’ असे शब्द बंद. ‘नाही’ ऐकलेला माणूस दुसरी वाट शोधतो, ‘बघतो’ ऐकलेला फोनजवळ बसून राहतो.

पाळ्याही लागल्या. रोजेदार सहरीला उठतातच, म्हणून पहाटेचा फोन त्यांच्याकडे. इफ्तारच्या वेळी तो बाकीच्यांकडे. त्यात कुणी कुणावर उपकार केले नाहीत, सोय पाहिली.

मुंबई महापालिकेनं २०२०मध्येच हे ओळखलं होतं. सगळा भार एका मध्यवर्ती कक्षावर न ठेवता शहराच्या २४ विभागांत वॉर रूम उघडल्या. तपासणीचे अहवाल तिथं जात, तिथून रुग्णाला फोन जाई आणि त्याची अवस्था पाहून खाट ठरे. आमच्याकडे ना तेवढी माणसं होती ना यंत्रणा. पण तत्त्व तेच : रुग्णानं दारोदार फिरू नये, फिरायची ती माहिती.

१४ मेला ईद झाली, ती घरातच. नमाजनंतर मी शाळेच्या खोलीत गेलो. फोनवर तोच मुलगा बसला होता. आईचं चाळिसाव्या दिवसाआधीच तो आमच्यात येऊन बसू लागला होता. पलीकडच्या कुणाला तरी तो सांगत होता, “दादा, ही अकराची माहिती आहे. निघू नका. मी पुन्हा विचारतो, मग सांगतो.” मला पाहून त्यानं नुसती मान हलवली.

श्रोतेहो, संकट पुराचं असेल, अपघाताचं असेल, साथीचं असेल. आपल्या गल्लीत गाडी कुणाकडे आहे, सिलिंडर कुठं मिळतो, रात्री फोन कोण उचलतो, याची यादी आजच करून ठेवा. आणि त्या यादीत वेळेचा रकाना आखायला विसरू नका.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)