जोड कोणाच्या हातात?

(महिला गटांच्या गोधडी कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळपासून आपण सगळ्याजणी सुईदोरा घेऊन बसलो आहोत. संयोजकांनी मला गोधडीच्या एका वेगळ्या पद्धतीबद्दल बोलायला सांगितलं आहे. मी शिवणाची शिक्षिका नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन वस्तीत काम करणारी कार्यकर्ती आहे. त्यामुळे टाका कसा घालायचा हे सांगेनच, पण तो घालणाऱ्या बाईला त्याचं काय मिळतं, हाही प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

गोधडी आपल्याला कुणी शिकवायला नको. कुठे तिला वाकळ म्हणतात, लहान बाळाचं असेल तर दुपटं. जुनी लुगडी, धोतरं, चादरी एकावर एक अंथरायच्या, वर चिंध्यांची ठिगळं लावायची आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. पण ही गोधडी शिवायला सगळ्यात आधी जागा लागते. गावाकडे अंगण असतं, ओसरी असते. दुपारी दोघीतिघी चार बाजूंनी बसतात. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत गोधडी पसरली, की माणसांना पाय ठेवायला जागा उरत नाही. रात्री ती गुंडाळून ठेवावी लागते, सकाळी पुन्हा पसरायची. मग नळाला पाणी येतं, मुलं शाळेतून येतात, आणि गुंडाळलेली गोधडी महिना महिना तशीच राहते.

जागा आणि सलग वेळ, या दोन्ही गोष्टी बाईच्या वाट्याला कमी येतात. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतही रूढ रीत अशी, की वरचं तुकड्यांचं कापड आधी पूर्ण जोडायचं, मग आतला थर आणि अस्तर लावून सगळं मोठ्या लाकडी चौकटीवर ताणायचं आणि टाके घालायचे. चौकट खोलीभर. यावर बायकांनीच काढलेला एक मार्ग म्हणजे ‘क्विल्ट अ‍ॅज यू गो’. म्हणजे एकेक चौकोन तिन्ही थरांसह, टाक्यांसह पूर्ण करत जायचं आणि जोडणी सर्वात शेवटी. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जिया बोनस्टील यांनी टीव्हीवरच्या कार्यक्रमातून मांडीवर घेऊन करण्याची ही पद्धत तिथल्या घराघरांत नेली.

आता ती कशी करायची ते सांगते. कापड सुती घ्या. नवं असेल तर आधी धुवा, कारण ते आटतं आणि रंगही सोडतं. अस्तराचा आणि आतल्या थराचा 13 इंचांचा चौकोन कापा. आत जुनी मऊ चादर किंवा साडी चालते. दोन्ही एकावर एक ठेवून मधोमध एक लहान चौकोनी तुकडा सुलट बाजू वर करून ठेवा. त्याच्या एका कडेवर पट्टी उलटी ठेवा, म्हणजे सुलटीला सुलट येईल. आता तिन्ही थरांतून शिलाई मारा आणि पट्टी उलटून बोटाने दाबून बसवा. मग दुसरी बाजू, तिसरी, चौथी, असं गोल फिरत अस्तर भरेपर्यंत पट्ट्या लावत जा. इथे पट्टी जोडणारी शिलाईच थरही बांधते. वेगळा धावदोरा घालावा लागत नाही. हवा असेल तर शोभेसाठी घाला.

टाके घातल्यावर चौकोन थोडा आक्रसतो. म्हणून आधी 13 इंच घेतले. आता 12 इंचांचा पुठ्ठा वर ठेवून चारी कडा कापून घ्या. पुठ्ठा सगळ्या गटात एकच ठेवा. प्रत्येकीने आपल्या टेपने मोजलं, तर जोडताना कडा जुळत नाहीत.

जोडणी करताना पुढून एक आणि मागून एक अशा दोन-दोन इंच रुंद पट्ट्या घ्या. पहिल्या चौकोनाच्या कडेला दोन्ही पट्ट्या एकाच शिलाईत, अर्धा इंच आत लावा. पुढची पट्टी दुसऱ्या चौकोनाला तशीच अर्धा इंच आत शिवा. पट्टी उघडली की एक इंच दिसते आणि तिच्याखाली दोन्ही चौकोनांच्या कडा एकमेकींना भिडतात, मध्ये पोकळी राहत नाही. मागच्या पट्टीची सुटी कड अर्धा इंच दुमडून हाताने हेम घाला. अशा ओळी करा, मग ओळी एकमेकींना जोडा, शेवटी चारी बाजूंनी गोट लावा. एकीचा हात घट्ट, एकीचा सैल, तरी या पट्टीत तो फरक सामावून जातो. गटासाठी म्हणूनच मी ही जोड निवडते.

तुकडा लावतानाच टाका पूर्ण करण्याची ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. उत्तर कन्नडच्या जंगलभागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. त्यांतले अनेकजण पोर्तुगीज काळात गोव्यातल्या गुलामीतून निसटून तिकडे गेले. आजही त्यांच्यातले बरेचजण कोकणी बोलतात. तिथल्या बायका ‘कवंद’ शिवतात. कडेपासून सुरुवात करून एकेक ठिगळ लावत आणि त्याच वेळी टाके घालत मध्याकडे येतात. कोपऱ्यांवर घडी घातलेली ‘फुलं’ लावल्याशिवाय कवंद पुरी झाली असं मानत नाहीत. तिथे तुकडा सुटा नसतो, कापड एकसंध असतं, एवढा फरक.

मैत्रिणींनो, हा फरक लहान वाटला तरी माझा मुद्दा तिथेच आहे. चौकोन सुटा असल्यामुळे तो पिशवीत मावतो. शेजारणीच्या ओट्यावर, दवाखान्याच्या रांगेत, चूल आटोपल्यावरच्या अर्ध्या तासात तो पुढे सरकतो. पूर्ण झालेला चौकोन हातात दिसतो, मोजता येतो. ‘काय करतेस दिवसभर?’ असं विचारणाऱ्यापुढे ठेवता येतो.

पण जे मोजता येतं, सुटं करता येतं, वाटून देता येतं, ते ठेकेदारालाही सोयीचं असतं. आमच्या वस्तीतल्या गटाकडे एक व्यापारी आला. म्हणाला, “ताई, जोडायची कटकट तुम्ही कशाला घेता? चौकोन तेवढे द्या, नगावर रोख पैसे देतो. जोडून आम्ही घेऊ.” बायकांना हायसं वाटलं. रोख पैसे कोणाला नको असतात? पण गोधडी कितीला विकणार, हे त्याने सांगितलं नाही. विचारल्यावर म्हणाला, “ते बाजारावर आहे.”

घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाईची हीच कहाणी आहे. बिडी असो, पापड असो, उदबत्ती असो. काम घरी येतं. भाव, गिऱ्हाईक आणि हिशेब घराबाहेर राहतात. शेजारच्या गल्लीतली बाई तेच काम किती पैशांत करते, हेही कळत नाही. 1996 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी केल्या जाणाऱ्या कामाबद्दल 177 क्रमांकाचा करार मंजूर केला. घरी काम करणारीलाही इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी, हा त्याचा गाभा. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

चिंध्यांच्या धंद्यातलाच अनुभव अहमदाबादला आहे. ‘सेवा’ ही असंघटित बायकांची संघटना तिथे 1972 साली इला भट्ट यांच्या पुढाकाराने उभी राहिली. गिरण्यांतल्या चिंध्या व्यापारी आणत आणि बायका घरी नेऊन त्यांच्या रजईच्या खोळी शिवत, नगावर. त्यांनी दर वाढवून मागितला, तर व्यापाऱ्यांनी काम देणंच थांबवलं. तेव्हा संघटनेने चिंध्या स्वतः मिळवून बायकांचं उत्पादन सुरू केलं आणि त्यातून ‘सबीना’ ही सहकारी संस्था झाली. शिवण तीच आणि बायकाही त्याच होत्या. कच्चा माल आणि विक्री कोणाच्या हातात, हे बदललं.

दुसरा दाखला अमेरिकेतला. अलाबामा राज्यातल्या विलकॉक्स परगण्यात गरीब काळ्या बायकांनी 1966 साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. नागरी हक्कांच्या लढ्याचे ते दिवस होते. मतदार म्हणून नाव नोंदवलं, या कारणाने जमीनमालकांनी हुसकावलेल्या काही कुटुंबांना या संस्थेने आपल्या जमिनीतून घरासाठी जागा विकल्या. गोधडीच्या पैशातून हे झालं. मोठ्या दुकानांच्या मागण्याही आल्या. त्यांना मात्र एकसारखं माप आणि एकसारखे टाके हवे असत. मनाप्रमाणे रंग जोडणाऱ्या हातांना ते जड गेलं. 2012 साली संस्था बंद झाली. सहकारी संस्था काढली की सगळं सुटतं, असं मी म्हणणार नाही. पण संस्था बायकांची स्वतःची होती.

आता आपला हिशेब मांडू. 12 इंची चौकोन, आडवे 5 आणि उभे 6, म्हणजे 30 चौकोनांची 5 फूट बाय 6 फूट गोधडी. समजा, एका चौकोनाला तीन तास लागतात. झाले 90 तास. पण जोड किती? ओळींच्या आतली 24 फूट, ओळी एकमेकींना जोडणारी 25 फूट, मिळून 49 फूट, आणि गोट 22 फूट. मागची हेम हाताने. समजा, याला 30 तास. एकूण 120 तास, म्हणजे आठ तासांचे 15 दिवस. कापड, दोरा, धुणं, इस्त्री वेगळं. ज्या भावात 15 दिवसांची मजुरी बसत नाही, तो भाव ‘हौसेच्या कामाचा’ आहे असं समजा. बाईच्या कामाला हौस म्हटलं, की मजुरी टळते.

त्या व्यापाऱ्याचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. आमच्या दोघीजणींनी त्याचं काम घेतलं. एकीच्या घरी आजारपण होतं, दुसरीवर कर्ज. त्यांना बोल लावायचा नाही, असं बैठकीत ठरलं. गोधडी विकली जाईपर्यंत थांबणं ज्यांना परवडत नाही, त्यांना तत्त्व सांगून भागत नाही. म्हणून पूर्ण चौकोन गटात जमा झाला, की बचतीच्या निधीतून त्यावर उचल द्यायची, असा ठराव केला. निधी तुटपुंजा आहे आणि दोन-तीन गोधड्या विकल्या न जाता पडून राहिल्या की तो आटतो. त्यासाठी दोन-चार गटांनी मिळून निधी करता येईल का, हे आज इथे बोलू या.

आपापल्या गटात जाऊन चार गोष्टी करा. माप आणि पुठ्ठा एक ठेवा, रंग मात्र जिचे तिच्या मनाचे. प्रत्येक चौकोनाच्या मागे शिवणारीचं नाव टाक्यांनी लिहा, आणि वहीत तिचे तास. जोडणीचेही तास मांडा. ते काम सहसा गटातली सगळ्यात गरजू किंवा सगळ्यात भिडस्त बाई निमूटपणे करते. पाळी लावा, आणि तिला मजुरी द्या. भाव ठरवायला आणि बाजारात बोलायला दरवेळी वेगवेगळ्या दोघीजणी पाठवा.

आणि कुणी दारात येऊन म्हणालं, की तुकडे तुम्ही करा, जोडायचं आम्ही बघतो, तर त्याला आधी विचारा, जोडलेली गोधडी कितीला विकणार? उत्तर वहीत लिहून घ्या आणि मगच बोलणी करा.