भावाचे म्हणणे भावाच्याच तोंडून

(आदिवासी सेवाकार्याच्या साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात आपण नेहमी वसतिगृहातील मुलांविषयी, औषधांविषयी, पाण्याच्या सोयीविषयी ऐकता. आज मी पुस्तकांविषयी बोलणार आहे. इंग्रजीत काही पुस्तके अशी निघतात की, त्यांत एकाच सिद्धांताबद्दल भिन्न मते असलेले अभ्यासक आपापली बाजू स्वतः मांडतात. एकाचा लेख संपला की बाकीचे त्याला उत्तर देतात. प्रभूच्या हजार वर्षांच्या राज्याविषयी चार मते मांडणारे असे पुस्तक १९७७ मध्ये निघाले. बाप्तिस्म्याविषयी तीन मते सांगणारे, डेव्हिड राइट यांनी संपादित केलेले पुस्तक २००९ मध्ये निघाले. आज या दुसऱ्या पुस्तकाच्याच आधाराने बोलतो.

त्यात ब्रूस वेअर म्हणतात की, जो स्वतः विश्वास ठेवतो त्यालाच बाप्तिस्मा द्यावा. सिंक्लेअर फर्ग्युसन म्हणतात की, विश्वासणाऱ्यांच्या बालकांनाही द्यावा. अँथनी लेन म्हणतात की, मंडळीत दोन्ही रीतींना जागा असावी. तिघेही शास्त्राला मान देणारे आणि एकाच प्रभूला मानणारे आहेत.

आता एकच उतारा घेऊ. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. फिलिप्पै येथे लुदियेचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा होतो. पुढे बंदिशाळेच्या नायकाचा आणि त्याच्या घरच्या सर्वांचा होतो. बालकांच्या बाप्तिस्म्याच्या बाजूचे म्हणतात, त्या काळी घराणे म्हटले की लेकरेबाळे, नोकरचाकर सगळे आले. अब्राहामाशी केलेल्या करारातही लेकरांना खूण मिळाली होती. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, बत्तिसावे वचन वाचा, घरातील सर्वांना आधी वचन सांगितले गेले. चौतिसावे वाचा, तेथे विश्वासाचा आनंद आहे. आणि खरे पाहता त्या घरात तान्हे मूल होते किंवा नव्हते, हे लूक सांगत नाही.

इतिहासातही तेच. सुमारे इ. स. २०० मध्ये कार्थेजच्या टर्टुलियनने लिहिले की, लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नये. एक बाजू म्हणते, पाहा, तेव्हाही ही रीत सर्वमान्य नव्हती. दुसरी म्हणते, रीत चालू होती म्हणूनच तर थांबा म्हणावे लागले! पुरावा एकच, आणि दोघेही तो आपल्या बाजूने मांडतात. हे एकदा डोळ्यांनी वाचले की समोरच्याला अडाणी किंवा हटवादी म्हणताना जीभ अडखळते.

आपण विचाराल, याचा आदिवासी सेवेशी संबंध काय? सांगतो. सातपुड्यातील एका पाड्यावर एका तरुण जोडप्याने बाप्तिस्मा घेतला. त्यांचे मूल सहा महिन्यांचे. नवऱ्याची बहीण दिलेली शेजारच्या गावात; तेथील मंडळीत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो. या पाड्यावरच्या मंडळीत होत नाही. बहीण म्हणाली, "पोराला बाहेर का ठेवता?" पाड्यावरचे वडीलधारे म्हणाले, "त्या लोकांना वचन कळतच नाही." पाडा वीसएक घरांचा. पेरणी, लग्न, मयत, सगळे एकमेकांच्या आधाराने चालते. बहीण-भावाच्या घरांचे जाणेयेणे बंद झाले. त्या बापाने मला विचारले, "दोन्हीकडे बायबल एकच आहे ना? मग भांडण कशाचं?"

हे भांडण त्या पाड्यावर उगवलेले नाही; मिशनांबरोबर ते बाहेरून आले. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत बालकांचा बाप्तिस्मा होत असे. डहाणू आणि डांग भागात काम करणाऱ्या ब्रदरन मिशनमध्ये विश्वासणाऱ्यांचा, तोही पाण्यात तीनदा बुडवून. ज्या गावी जे मिशन आधी पोहोचले, तेथे त्याची रीत रुजली. आपल्या लोकांना रीत मिळाली. तिच्यामागची कारणे आणि शेजाऱ्याच्या रीतीमागची कारणे मात्र फारशी मिळाली नाहीत.

त्या पाड्यावर आम्ही चार संध्याकाळी बसलो. शेजारच्या गावची मंडळीही आली. वर सांगितलेले उतारे मोठ्याने वाचले. नियम एकच ठेवला: दुसऱ्याचे म्हणणे आधी असे सांगायचे की, तो म्हणाला पाहिजे, "होय, आम्ही हेच मानतो." मगच आपले उत्तर. चौथ्या दिवशीही मत एक झाले नाही. त्या जोडप्याने मूल मोठे होऊन स्वतः विश्वास ठेवीपर्यंत थांबायचे ठरवले आणि त्याला प्रार्थनेने प्रभूच्या हाती दिले. त्या प्रार्थनेला बहिणीच्या घरचे सगळे आले होते. भाकरी सोबत खाल्ली.

हे केवळ एका पाड्यावरच घडते असे नाही. उत्तर भारतातील मंडळ्यांच्या ऐक्याची चर्चा १९२९ मध्ये सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. वर सांगितलेल्या दोन्ही परंपरा त्यात आल्या, आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. चाळीस वर्षे एकमेकांचे ऐकून घेतल्यावाचून हे झाले नसते.

अशी पुस्तके कशी वाचावीत, याविषयी चार गोष्टी सुचवतो. पहिली, आधी शास्त्रातील उतारे वाचा, मग पुस्तक उघडा. नाहीतर आपण लेखकाच्या चष्म्यातून वचन वाचू लागतो. दुसरी, जे मत आपले नाही त्या लेखापासून सुरुवात करा. तिसरी, विश्वासाचा पाया आणि वादाचा विषय यांची गल्लत करू नका. ख्रिस्ताचे मरण व पुनरुत्थान यावर हे तिघेही उभे आहेत. चौथी, शेवटी निर्णय घ्या. सर्वांचेच बरोबर, असे म्हणून पुस्तक मिटता येत नाही, कारण पाळकापुढे मूल आणले की बाप्तिस्मा द्यायचा किंवा नाही द्यायचा, मधला मार्ग नसतो. पौलाने रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाण्यापिण्याविषयी आणि दिवसांविषयी असेच सांगितले: प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी, पण भावाला तुच्छ लेखू नये.

या पुस्तकांना मर्यादाही आहेत. तीन-चार लेखक म्हणजे सगळी मंडळी नव्हे. बाप्तिस्म्याच्या त्या पुस्तकातील तिन्ही लेखक पश्चिमेकडचे आहेत. ज्या घरात आजी अजून डोंगरदेव पूजते आणि सून प्रभूला मानते, तेथे 'घराणे' म्हणजे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे नाही. तो आपल्या सेवकांपुढे रोज आहे. त्याचे उत्तर त्यांनाच लिहावे लागेल.

म्हणून माझी एक विनंती आहे. ही पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि आपले बहुतेक सेवक मराठीत वाचतात व पावरी-भिलीत बोलतात. आपल्यापैकी ज्यांना इंग्रजी चांगले येते, त्यांनी एकेका मताचा प्रामाणिक सारांश सोप्या मराठीत करून द्यावा. सारांश करताना स्वतःला न पटणारे मत मुद्दाम निवडावे. पाळकांनी तो तपासून पाहावा. अशा चार वह्या जरी तयार झाल्या, तरी पावसाळ्यात पाड्यावर अडकून पडणाऱ्या सेवकाच्या पिशवीत त्या जातील.

बिरुया येथील लोक पौलाचे ऐकून रोज शास्त्रात शोध करत, तपासून पाहत. आपले पाड्यावरचे बंधुभगिनीही तसे करू शकतात. त्यांच्या हाती साधने देणे हे आपले काम आहे. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.