मणक्यातील सच्छिद्र धातू : समज आणि गैरसमज
(उत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



“मणक्यात धातू बसवावा लागेल,” असे डॉक्टर म्हणाले की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. त्यातून आपण मुलखापासून दूर. सल्ला विचारायला काका-मामा जवळ नसतात. म्हणून हा विषय निवडला.

पहिला गैरसमज असा की मणके धातू जोडतो. खरे तर ते जोडते हाड! १९११ साली न्यूयॉर्कमध्ये आल्बी आणि हिब्स यांनी स्वतंत्रपणे मणके सांधले, ते हाडाच्याच आधारे. धातू म्हणजे स्लॅबखालचे टेकू. हाड पक्के जुळेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, त्याने भार पेलायचा.

मग छिद्रे कशाला? अमेरिकेतील डॉ. बॅग्बी यांनी मानेच्या मणक्यांच्या विकाराने अडखळणाऱ्या घोड्यांसाठी भोके पाडलेली पोलादी नळी तयार केली. तिच्यावरून माणसांसाठी बनलेल्या टायटॅनियमच्या पिंजऱ्याला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात हाडाचा चुरा भरत. सच्छिद्र धातू ही त्यापुढची पायरी. त्याची छिद्रे मिलिमीटरच्या काही दशांशाएवढी असतात. त्यांत रक्तवाहिन्या आणि नवे हाड शिरते. शिवाय भरीव टायटॅनियम हाडाच्या कठीण कवचापेक्षाही कितीतरी पट ताठ असते, ते ठिसूळ मणक्यात रुतू शकते. सच्छिद्र टँटलम सुमारे ८० टक्के पोकळ असल्याने त्याचा ताठरपणा हाडाच्या जवळ येतो. टायटॅनियमची भुकटी लेसरने थरावर थर वितळवूनही आता असे तुकडे घडवतात.

पण मंडळी, छिद्रांत जादू नाही. तंबाखू, बेताल मधुमेह आणि हाडांचा ठिसूळपणा यांपुढे महागडा धातूही हरतो. स्वतःच्या हाडाने किंवा ‘पीक’ प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यानेही मणके चांगले जुळतात. आणि बहुतेक पाठदुखीला शस्त्रक्रिया लागतच नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. दुखणे नेमके कशामुळे? नुसती नस मोकळी करून भागेल का? आणि हाच तुकडा का, त्याने मला काय जास्त मिळेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

मात्र पायातले बळ जाऊ लागले किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर प्रश्न नंतर. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.